साप चावल्यावर मुंबई गाठायची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आपल्या दैनिकात भटकंतीचं पान येऊ लागतं. गेल्या आठवड्यातल्या पानावर कर्जत-माथेरानच्या बाजूची ठिकाणं होती. कुठली लोकल पकडायची, स्टेशनबाहेर टमटम कुठे मिळते, गडावर पाण्याचं टाकं कुठे आहे, वाडीत जेवणाची सोय कशी होते, सगळं नीट दिलं होतं. एक ओळ मात्र त्यात नव्हती आणि ती मागण्यासाठीच हे पत्र आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवणारं, तिथून सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं?

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीचा बराच काळ कॅज्युअल्टीत आणि मेडिकलच्या अतिदक्षता विभागात गेला. आता निवृत्त होऊन मुलुंडला राहते. माझे थोरले भाऊ गळ टाकणारे, मुलगा ट्रेकिंगवाला. त्यामुळे ज्यांच्यासाठी हे लिहितेय ती दोन्ही प्रकारची माणसं माझ्या घरातलीच आहेत.

रविवारची रात्रपाळी होती. साडेदहाच्या सुमारास चार मुलांनी पाचव्याला उचलून आत आणलं. कॉलेजातली पोरं. दुपारी धबधब्याहून उतरताना गवतातल्या पायवाटेवर त्याला घोट्यापाशी साप चावला होता. पायात फ्लोटर्स. गुडघ्याखाली बुटाची नाडी आणि तिच्यावर रुमाल, दोन्ही करकचून आवळलेले. खालचा पाय काळानिळा, टम्म फुगलेला. हिरड्यांतून रक्त येत होतं. “सिस्टर, आम्ही कुठेही थांबलो नाही, थेट इथे आणलं,” असं त्याचा मित्र पुन्हा पुन्हा सांगत होता. अगदी खरं सांगत होता. वाटेत तालुक्याचं सरकारी रुग्णालय लागलं होतं, तिथेही ते थांबले नव्हते. तिथे काय असणार, त्यापेक्षा मुंबई बरी, असं त्यांनी ठरवलं. मग रविवार संध्याकाळची परतीची गर्दी, घाटाखालचं ट्रॅफिक, टोलनाका. या सगळ्यात जे तास गेले त्यांत त्या मुलाची मूत्रपिंडं थकली. बरेच दिवस तो डायलिसिसवर होता. वाचला, पण जो त्रास त्याने भोगला त्यातला मोठा भाग टळू शकला असता.

ही समजूत एका मुलाची नाही. मुंबईकराच्या मनात उपचार म्हणजे मुंबई हे पक्कं बसलेलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी असेल ते बरोबर. सर्पदंशात मात्र पहिला तास-दोन तास कुठे जातो यावर पुढचं सगळं ठरतं. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करतं, विषाने आधीच केलेली नासधूस ते भरून काढत नाही. म्हणून जी औषधाची कुपी तालुक्याच्या गावी चार वाजता टोचली जाऊ शकते, ती मुंबईत रात्री अकराला टोचून तेच काम होत नाही. औषध तेच असतं. आपल्या हाफकिन संस्थेने वर्षानुवर्षं तयार केलेलं, घोड्याच्या रक्तापासून काढलेलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्र चालणारं. पहिला डोस तिथे मिळाला आणि व्हेंटिलेटर किंवा डायलिसिससाठी पुढे हलवायची वेळ आलीच, तर तिथले डॉक्टर १०८च्या रुग्णवाहिकेतून हलवतात. कोकणात रस्त्याकडेच्या गावात राहूनही हे काम किती उत्तम करता येतं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर अनेक दशकं उपचार करून दाखवलं आहे. त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. तालुक्याचा डॉक्टर असे रुग्ण नेहमी बघतो. दादर-अंधेरीच्या चकचकीत खासगी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कदाचित वर्षात एकही बघितलेला नसतो.

त्या मुलाच्या पायाला बांधलेल्या नाडीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आवळून बांधणं हे आपल्याकडे अजूनही शहाणपणाचं लक्षण मानतात. लहानपणापासून तेच ऐकलेलं असतं. घोणस आणि फुरश्याचं विष जिथे शिरतं तिथलं मांसच सडवतं. बांधल्यामुळे ते तिथेच कोंडून राहतं आणि वरून रक्तपुरवठाही तुटतो. पाय वाचवण्यासाठी बांधलेल्या दोरीनेच पाय गेलेले मी पाहिलेत. शिवाय ती दोरी भलत्याच वेळी सोडली तर साचलेलं विष एकदम शरीरभर जातं. त्यामुळे कुणी आधीच आवळून आणलं असेल तर आम्ही ती लगेच कापत नाही; सलाईन लावून, औषधं हाताशी घेऊन, डॉक्टर उभे असतानाच सोडतो. ब्लेडने चिरा देणं, तोंडाने चोखणं, बर्फ लावणं, पाला चोळणं, यातल्या एकाचाही उपयोग नाही. चिरा दिलेल्या माणसाचं रक्त घोणशीच्या विषाने गोठत नसेल तर ती चीरच वाहत राहते.

करायचं ते फार साधं आहे, म्हणूनच बहुधा लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. माणसाला धीर द्यायचा. अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढायचे, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर जसं काठीला बांधून हात-पाय स्थिर ठेवतो तसं सैलसर बांधून ठेवायचं. चालवायचं नाही. गडावरून उतरवायचं तर वाडीतल्या माणसांना हाक मारायची. कर्जत, पनवेल, शहापूरच्या ठाकर-कातकरी वाड्यांमधून आजारी माणसाला बांबूला चादरीची झोळी करून आणायची रीत आहे. एरवी दीड तास लागणारी वाट ते तासाभरात खाली आणतात. त्यांना फक्त “पान लागलंय” (साप चावलाय) एवढं सांगा, पुढचं ते बघतात. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर निजवायचं. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी सांगायच्या: किती वाजता चावला, तेव्हापासून काय काय झालं, वाटेत काय उपचार केले.

साप मारून आणू नका. पिशवीत अर्धमेला साप घेऊन येणारे लोक कॅज्युअल्टीत आम्ही पाहिले आहेत. मारायच्या नादात दुसऱ्याला चावल्याचंही पाहिलं आहे. लांबून मोबाइलवर फोटो निघत असेल तर ठीक, नाहीतर तेही नको. साप कुठला हे कळलं नाही तरी उपचार अडत नाही. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर घोणस किंवा फुरश्याचं विष आहे हे समजतं. पापण्या मिटत असतील, गिळता येत नसेल, तर नाग किंवा मण्यार. ही तपासणी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होते. तिला यंत्र लागत नाही.

आता भटक्यांच्या काही सवयींविषयी. घोणस दिवसा पायवाटेच्या कडेला पाचोळ्यात पडून असते आणि सहसा पळत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार करते. तो आवाज ऐकून जागीच थांबलं, मग सावकाश मागे सरलं की पुष्कळदा प्रसंग टळतो. पण हल्ली कानात इअरफोन घालून डोंगर चढतात. घोणस पिल्लं घालते तीही पावसाच्या तोंडावर, आणि पिल्लाला जन्मतःच विष असतं. अंगावरच्या ठिपक्यांमुळे त्याला अजगराचं पिल्लू समजून हातात घेणारे महाभाग असतात. फोटोसाठी घेतात. आमच्याकडे असा एक तरुण आला होता, उजव्या हाताच्या तर्जनीला चावलेलं. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की अजगरच होता. फुरसं तर वीतभर-हातभर. ते दगडाखाली असतं. कातळावर चढताना वरच्या खोबणीत न बघता हात घालणारा त्याच्या तावडीत सापडतो. एवढ्याशा सापाने काय होतंय म्हणून घरी झोपलेल्या माणसाच्या लघवीतून दुसऱ्या दिवशी रक्त येऊ लागतं. माथेरानच्या किंवा आपल्या नॅशनल पार्कच्या झाडीत पावसाळ्यात हिरवा चापडाही असतो, फांदीवर, तोंडाच्या उंचीला. त्याच्या विषावर आपलं प्रतिविष लागू पडत नाही. सुदैवाने त्याने जीव जाणं फार दुर्मीळ, पण सूज आणि वेदना भयंकर असतात आणि रुग्णालयात देखरेखीखाली राहावंच लागतं.

मण्यारविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. तंबू आता स्वस्त झाले आहेत, तलावाकाठी नाहीतर वाडीच्या अंगणात मुक्काम करायची टूम आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही. दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा होतो, आणि बरोबरचे म्हणतात रात्रीचं चिकन बाधलं. थोड्या वेळाने पापण्या उचलत नाहीत. तोवर श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागलेले असतात. मण्यारचं विष नसांची टोकंच निकामी करतं, ती परत उगवायला दिवस लागतात. तेवढे दिवस माणूस व्हेंटिलेटरवर ठेवला तर तो खडखडीत बरा होऊन घरी जातो. असे रुग्ण स्वतःच्या पायांनी वॉर्डातून जाताना मी बघितले आहेत, त्यासारखं समाधान नाही. पण त्यासाठी पोटात दुखतंय म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात साप यायला हवा. रात्री उघड्यावर झोपलेल्या कुणालाही सकाळी पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर अँटासिड देत बसू नका. तंबूची चेन पूर्ण बंद ठेवा. अंगणात झोपणार असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. साध्या मच्छरदाणीने मण्यार अडते.

गळ टाकणाऱ्यांचं जग वेगळं. आमच्या दादांची अर्धी सुट्टी पवईच्या काठाला गेली. तिथे चावतो तो बहुतेक वेळा दिवड. पाण्यातला, चिडका, चावला की रक्त काढणारा आणि बिनविषारी. तळ्याकाठी गवतात ठेवलेल्या माशांच्या पिशवीत तो शिरतो आणि पिशवीत हात घातला की चावतो. दिवड चावलेला एक गृहस्थ आमच्याकडे मनगट सुतळीने बांधून आला होता, बोटं पांढरी पडलेली. सापाने त्यांना काही झालं नव्हतं, सुतळीने मात्र हात जायची वेळ आली होती. असं असलं तरी “दिवडच असणार” म्हणून घरी बसायचं नाही. काठावरच्या पाणगवतात बेडूक असतात, उंदीर असतात, त्यांच्यामागे नाग आणि घोणसही येतात. अंधारात कुठला साप होता हे सांगणारा छातीठोकपणा माझ्या अनुभवात फार वेळा खोटा ठरला आहे. कुठलाही दंश असो, चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली काढावेत.

पहिल्या पावसात वलगण चढते, म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येतात, तेव्हा रायगड-ठाण्याच्या शेतांतून आणि ओढ्यांतून बॅटऱ्या घेऊन माणसं उतरतात. मुंबईत स्थायिक झालेली आगरी-कोळी मंडळी खास त्यासाठी गावी जातात. मासे आणि खेकडे हाताने धरायचे, बिळात हात घालायचे, अनवाणी. त्याच रात्री बिळांत पाणी शिरल्याने सापही बाहेर आलेले असतात. ही मजा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, ती त्यांच्या रक्तातली आहे. पण गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी एवढं तरी असावं, आणि बिळात हाताऐवजी लोखंडी आकडा घालावा. साप बहुतांशी पायाला आणि हाताला चावतो. गमबुटाने त्यातला पाय तरी वाचतो.

उत्तन, मढ, वरळीच्या खडकांवरून खाडीत किंवा समुद्रात गळ टाकणाऱ्यांना क्वचित समुद्रसाप लागतो. अंधारात तो वाम (सापासारखा लांबट मासा) समजून हाताने सोडवायला जातात. समुद्रसापाची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि अंगाला खवले असतात. वाम गुळगुळीत असते, तिला पाठीवरून पर असतो. शंका आली की तंगूस (गळाचा दोरा) कापून टाका, गळ गेला तर जाऊ द्या. समुद्रसापाचा दंश फारसा दुखत नाही. काही वेळाने सगळं अंग आखडतं, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. भारतात मिळणारं प्रतिविष त्याच्यावर चालत नाही. अशा वेळी डायलिसिस आणि व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठावं लागतं, आणि हे खडक मुंबईत किंवा तिला लागूनच असल्याने तिथे मोठ्या रुग्णालयाकडे जाणं योग्य.

मुलाच्या ग्रुपमधल्या पोरांनी मला विचारलं होतं, “काकू, ते इंजेक्शन बॅगेत घेऊन गेलं तर?” नाही. ते शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते, आणि एखाद्याला घोड्याच्या प्रथिनांची इतकी तीव्र रिअ‍ॅक्शन येते की अ‍ॅड्रेनलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवूनच आम्ही ते सुरू करतो. डोंगरावर ते देणं म्हणजे दुसरा धोका ओढवून घेणं. बॅगेत ठेवायचा तो पत्ता आणि फोन नंबर.

पुन्हा माझ्या मागणीकडे येते. ट्रेक नेणाऱ्या ग्रुपने निघण्याच्या आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून विचारावं: सर्पदंशाचं प्रतिविष आज शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर नसेल तर तो पुढे कुठे आहे. माणशी पैसे घेऊन शेकडो लोकांना डोंगरात नेणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा जास्त नाही. “कुठे काय आणायचं” या त्यांच्या मेसेजमध्ये टोपी, पाण्याची बाटली, सुका खाऊ यांच्याबरोबर रुग्णालयाचं नावही यायला हवं. वन विभाग जिथे प्रवेशशुल्क घेतो तिथल्या नाक्यावर हीच माहिती मोठ्या अक्षरात रंगवलेली असावी.

पाटी लागली तर तिचा उपयोग आमच्या पोरांपेक्षा वाडीतल्यांना अधिक होईल, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज दिला. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात मुंबईचे ट्रेकर फारच थोडे. ती माणसं भातलावणी करणारी, सरपण आणणारी, जमिनीवर झोपणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, आणि त्याच वर्षी राज्यांना प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. आराखड्यात लिहिलेलं पायथ्याच्या वाडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. शहरातली पोरं दर रविवारी फोन करून “प्रतिविष आहे का” विचारू लागली, तर साठा संपला आहे हे रुग्णालयाच्या वरच्या लोकांनाही दर रविवारी कळेल.

आपल्या पानाला जागेची अडचण असते याची मला कल्पना आहे. मिसळ कुठे चांगली मिळते त्या ओळीच्या खाली ही एक ओळ मावेल: जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय, त्याचा फोन नंबर, पायथ्यापासूनचं अंतर, आणि १०८. नंबर छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने तो एकदा लावून बघावा. पुढच्या पानावर भीमाशंकरचा शिडी घाट येणार असल्याची जाहिरात वाचली. तिथपासून सुरुवात करावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मुलुंड (पश्चिम), मुंबई